तो नेमका केव्हा पळतो?

मुंबई महापालिकेच्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आहे. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. नोकरीचं चौथं वर्ष, माहेर सोलापूर जिल्ह्यात. दुसऱ्या तुकडीच्या बाई सतत कुठल्या ना कुठल्या कामावर असल्यामुळे दोन्ही तुकड्या यांच्याच वर्गात, मिळून 43 मुलं. त्यांतल्या चौघांनी बाईंची झोप उडवली आहे. एक मुलगा तासाच्या मध्येच उठून पळतो, अडवलं तर चावतो. दुसरा फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतो, पण स्वतः लिहिलेली ओळ त्याला वाचता येत नाही. एक मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. आणि एक मुलगा "नुसता बसून असतो, सांगितलेलं डोक्यात शिरतच नाही". विशेष शिक्षिका पंधरा दिवसांतून एकदा येतात. मुख्याध्यापिका म्हणतात, पळणाऱ्याच्या आईला समजावा आणि त्याला विशेष शाळेत घालायला लावा. दोन पालकांनीही तक्रार केली आहे. बाई विचारतात, "मी साधं डीएड केलंय. या चौघांसाठी लागणारं शिक्षण माझ्याकडे नाही. त्यांच्यात अडकले की बाकीच्या 39 मुलांवर अन्याय होतो, त्यांना सोडलं की रात्री अपराधी वाटतं. त्या आईला मी काय सांगू? आणि खरं सांगा, अशा मुलांचं भलं विशेष शाळेतच नाही का?"

प्रिय बाई,

तुमचं पत्र वाचलं आणि मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. एका वाक्याखाली जाड रेघ मारली आहे. तुम्ही ओघात लिहून गेलात, "खिचडीची पातेली वर यायला लागली की, नाहीतर वरची उर्दू शाळा सुटली की, हा हमखास पळतो." आणि लगेच पुढे, "त्याचा काही नेम नाही." अहो, हमखास पळतो म्हणजे नेम आहे की! तो तुम्हाला सापडलाही आहे. दमल्यामुळे तेवढा लक्षात आलेला नाही.

मनपाच्या इमारतींत मीही 31 वर्षं काढली. एका छताखाली तीन माध्यमांच्या तीन शाळा, प्रत्येकीची घंटा वेगळी. वरची शाळा सुटली की दीडशे-दोनशे मुलं एका दमात जिना उतरायची आणि आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. आपण तेवढ्यापुरतं थांबतो, आवाज ओसरला की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो. काही मुलांना ही सवय कधीच होत नाही. तो गलका त्यांच्या अंगावर येतो. उघडं दार दिसलं की ती तिकडे धावतात, आणि नेमका त्याच वेळी कुणी दंड धरला तर चावतात. त्यात बाईंचा अपमान करायचा बेत नसतो.

हे मी दुरून लिहितेय, पळण्यामागचं कारण वेगळंही निघेल. भूक असेल, खिचडीच्या वासाची शिसारी असेल, रांगेतल्या ढकलाढकलीची धास्ती असेल. म्हणून एक वही करा. केव्हा पळाला, त्याच्या आधी काय झालं, नंतर कुठे आणि कसा शांत झाला, एवढंच लिहायचं. "12.40. वर घंटा. कानांवर हात. पळाला. टाकीजवळ सापडला. दहा मिनिटांत ठीक." दोन आठवडे हे नेमानं लिहिलंत तर पुढे डॉक्टर असोत की विशेष शिक्षिका, त्यांना या वहीइतकं उपयोगी दुसरं काही देता येणार नाही. "फार त्रास देतो" या तक्रारीवर कुणालाच काही करता येत नाही.

वही भरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. घंटा होण्याच्या तीन मिनिटं आधी त्याला काम सांगा. हजेरीपट ऑफिसात देऊन यायचा, सोबत एक थंड डोक्याचा मित्र. आवाज ओसरेपर्यंत तो खालीच राहील, आणि पळून नाही, पाठवल्यामुळे गेलेला असेल. मुलाच्या लेखी या दोन्हींत फार फरक असतो. त्याला दाराजवळ बसवा. सगळे म्हणतील दारापासून लांब ठेवा, पण ज्याला दार जवळ आहे हे ठाऊक असतं तो कमी घाबरतो, असा माझा अनुभव आहे. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला मात्र त्याचा चेहरा ओळखीचा करून द्या, आणि हे उद्यावर टाकू नका. आपल्या शाळांबाहेर रस्ता कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

दिवस कसा जाणार हे त्याला दिसू द्या. जुन्या पाठ्यपुस्तकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर एकाखाली एक चिकटवा: प्रार्थना, भाषा, गणित, खिचडी, खेळ, घर. बाजूला कपड्यांना लावतो तो चिमटा. एक काम झालं की चिमटा खाली सरकवायचा, आणि तो त्यानंच. पहिले काही दिवस चिमटा भिरकावला जाईल. माझ्या वर्गातल्या एका पठ्ठ्यानं आठवडाभर तो नाकाला लावून ठेवला होता. नंतर मात्र कुठलाही तास संपला की "टीचर, चिमटा!" म्हणून तोच ओरडायचा. आणि तो बिथरलेला असताना "थांब, पळू नको, किती वेळा सांगितलं तुला" हे बोलूच नका, तोही गलकाच. "चल, पाणी पिऊ" एवढं पुरे.

आता तुमचा मोठा प्रश्न, विशेष शाळेचा. त्यात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: त्यानं कुठे शिकावं हे ठरवणं तुमचं किंवा मोठ्या बाईंचं काम आहे. ते नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नं 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि जवळच्या शाळेत शिकायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची, म्हणजे त्याच्या घरच्यांची आहे. या मुलाची तर अजून कसली तपासणीही झालेली नाही. तपासणीआधीच त्याला शाळा सोडायला लावणं कायद्यात बसत नाही, हे मोठ्या बाईंच्या कानावर घाला. भांडणाच्या सुरात नको. उद्या काही लेखी झालं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल, एवढं सांगितलं तरी पुष्कळ आहे.

मी विशेष शाळांच्या विरोधात मुळीच नाही. अजिबात ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणाऱ्या मुलांत जे मिळतं, ते आपल्या वर्गात चाळीस जणांनी प्रेमानं पाठ थोपटूनही मिळत नाही. काही मुलांना रोज थेरपी लागते, ती आपल्याकडे नसते. पण "विशेष शाळेत पाठवा" हा सल्ला देताना ती शाळा कुठे आहे, तिथे जागा आहे का, आठ-नऊ वर्षांच्या बिथरणाऱ्या मुलाला घेऊन आईनं दोन लोकल बदलून रोज जायचं कसं आणि तिच्या चार घरच्या कामांचं काय, हे आपण विचारलेलं नसतं. बहुतेक वेळा ते मूल दुसऱ्या शाळेत जातच नाही, घरी बसतं. हजेरीपटावरचं नाव कमी होतं आणि आपला वर्ग शांत होतो. मी हे होताना पाहिलं आहे, आणि दोनदा मान फिरवून गप्पही बसले आहे.

त्याला कुठे पाठवावं याचा घोर तुम्ही सोडा. सोमवारी सकाळपासून तुमच्या वर्गात काय करायचं, तो प्रश्न तुमचा. तिथे तुमचं डीएड तुम्हाला वाटतं तेवढं अपुरं नाही.

तुमची दुसरी चूक, माझीही होती तीच: चौघांना तुम्ही एका दावणीला बांधलंत. पत्रभर "ती चार मुलं". पण त्या चौघांत मागे पडणं सोडलं तर काहीएक सारखं नाही.

जो नुसता बसून असतो, त्याच्याबद्दल तुम्ही कंसात लिहिलंय की सर्दी झाली की त्याचा कान वाहतो आणि आई तेल घालते. कंसात? हे पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं! 1994 साली गिरणगावातल्या एका शाळेत माझ्या दुसरीच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिच्या नावापुढे शेरा म्हणून मी स्वतःच्या हातानं "मंदबुद्धी" लिहिलं. पुढच्या वर्षी शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या कानात बॅटरी मारून पाहिली. पडदा फाटलेला, आत पू. तिला माझं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं आणि त्या अर्ध्यामुर्ध्यावर ती पास होत आली होती. तो शेरा मी खोडला, पण निळ्या शाईची ती खाडाखोड अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हा या मुलाच्या आईला सांगा, कानात तेल घालू नका, पालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखवा. ऐकण्याची नीट मोजणी करायची तर वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे. तोवर त्याला पुढे, पंख्याच्या घरघरीपासून दूर बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. तो तुमच्या ओठांवरून बरंच उचलत असणार. चौघांचेही कान आणि डोळे आधी तपासून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

न बोलणाऱ्या मुलीच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात, असं तुम्ही लिहिलंत. घरी ती भरपूर बोलते असं आईही म्हणते. म्हणजे तिची जीभ ठीक आहे, आपला वर्ग तिला परका आहे. "बोल ना गं, बोल" करून सगळ्यांच्या नजरा तिच्यावर वळवू नका. मान हलवून, बोट दाखवून उत्तर दिलं तरी ते उत्तरच माना. कविता सगळ्यांनी मिळून म्हणताना तिचे ओठ हलतात का, तेवढं बघा. आणि सोलापूरकडच्या तुम्ही, तांड्यावरचे चार शब्द तुमच्या कानावर असतीलच. पाण्याला, भाकरीला काय म्हणतात ते तिलाच विचारा. तुम्ही चुकीचं उच्चारलंत की ती हसेल, कदाचित दुरुस्तही करेल. दिवाळीनंतरही काहीच फरक पडला नाही, तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला आईला सुचवा. घरी बोलणारं मूल बाहेर भीतीनं गप्प होतं, असाही प्रकार असतो.

मोत्यासारख्या अक्षराच्या मुलाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण असं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतं आणि अक्षर चांगलं म्हणून लपून राहतं. तो लिहीत नाहीये, चित्र काढतोय. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात हा नव्हता, त्यामुळे आम्हाला त्याच्यासाठी "ढ" हा एकच शब्द माहीत होता. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातली अडचण. त्याला हेच आहे असं मी म्हणत नाही. वाचायला कुणी नीट शिकवलंच नाही म्हणूनही असं होतं, आणि त्याची पहिली-दुसरी कशी गेली ते तुम्ही विचारलेलं नाही. आधी सहा आठवडे त्याला रोज दहा मिनिटं द्या. बिनमात्रेचे दोन-तीन अक्षरी शब्द, एका वेळी एक. पुठ्ठ्याला एवढीशी खिडकी पाडा, म्हणजे एकच शब्द दिसेल. घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळतो का, वेलांटी आणि मात्रा सोडतो का, ते टिपून ठेवा. रव्याच्या ताटात बोटानं अक्षर काढू द्या आणि काढताना आवाज मोठ्यानं म्हणायला लावा. फळ्यावरचं उतरवणं त्याच्यापुरतं बंद करा. गणित तोंडी विचारा, तुम्हाला धक्का बसेल कदाचित.

एवढं करूनही गाडी हलली नाही तर तपासणी. मुंबईत शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्याची सोय आहे. साधारण आठ वर्षांच्या आधी हे प्रमाणपत्र देत नाहीत, आणि काम एका फेरीत होत नाही, हे आईला आधीच सांगा. नाहीतर एक रोज बुडवून ती जाईल, "पुढची तारीख" ऐकेल आणि परत फिरकणार नाही. चाचणी मराठीतून घ्या, असं आवर्जून म्हणायला सांगा. डाली नावाचं चाचणीसाहित्य मराठीत आहे. मराठी शाळेतल्या मुलाचं वाचन इंग्रजीतून तपासण्यात काय अर्थ? प्रमाणपत्राचा उपयोग पुढे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींना होतो. वाचायला ते शिकवत नाही. ते तुम्हालाच करायचं आहे.

पळणाऱ्याच्या आईशी बोलताना गेटवर, इतर बायकांसमोर बोलू नका. आणि पहिल्या भेटीत तक्रार नको. तिला शाळेतून बोलावणं आलं की छातीत धस्स होत असणार, कारण आजवर कुणी तिला चांगलं सांगायला बोलावलेलंच नाही. हजेरीपट नीट पोचवला, हे सांगा. मग विचारा: घरी कुकरची शिट्टी झाली, गणपतीत ढोल वाजले की काय करतो? झोपतो कसा? शांत कशानं होतो? तुमच्याहून तिला जास्त माहीत आहे. "ऑटिझम", "मतिमंद" असले शब्द तोंडून काढू नका. निदान करणं तुमचं काम नाही, आणि शिक्षिकेनं सहज टाकलेला शब्द आयुष्यभर चिकटतो. "मला हे हे दिसतंय, डॉक्टरांना एकदा विचारू, माझी वही सोबत न्या" असं म्हणा. ती रडेल किंवा चिडेल. "आमच्यात मुलं उशिराच सुधारतात" असंही म्हणेल. त्या दिवशी तिथेच थांबा, पुन्हा पंधरा दिवसांनी बोला.

विशेष शिक्षिका आल्या की त्या मुलाला घेऊन कोपऱ्यात बसतात आणि तुम्हाला अर्धा तास मोकळा मिळतो, असं लिहिलंत. तो अर्धा तास सोडा. पंधरा दिवसांतून एकदा कोपऱ्यात मणी ओवून काय होणार! त्यांना तुमचा वर्ग चालू असताना मागे बसवा, वही दाखवा आणि पुढच्या पंधरा दिवसांत रोज करायच्या दोनच गोष्टी मागून घ्या. मुलांतल्या दिव्यांगत्वाची प्राथमिक चाचपणी करायला एनसीईआरटीचं 'प्रशस्त' अॅप आहे, त्यातला पहिला भाग वर्गशिक्षकानं भरायचा आणि दुसरा विशेष शिक्षकानं, तेही दोघींनी मिळून उरका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखालचे मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता यांची माहितीही त्यांच्याकडेच असते. त्यांच्यावर रागावू नका, त्या बिचाऱ्या किती शाळा फिरतात ते एकदा विचारा. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिलं आहे. आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, तुमच्याकडे 43 आहेत. या दोन्ही गोष्टी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. लगेच कुणी नेमलं जाणार नाही, मला माहीत आहे. पण कागदावर नसलेली अडचण वरच्यांसाठी नसतेच.

आता त्या 39 मुलांविषयी. पुठ्ठ्यावरचा दिनक्रम, तोंडी गणित, फळ्याकडे पाठ करून बोलणं यांचा फायदा त्यांतल्या निम्म्यांना तरी होईल. पण सगळ्यांचंच भलं होतं असं गोड बोलून मी तुमची फसवणूक करणार नाही. काही दिवस सगळा तास वाया जाईल, हुशार मुलं ताटकळतील. अशा दिवसासाठी कपाटात एक खोका तयार ठेवा: गोष्टीच्या पातळ पुस्तिका, कोडी, अर्धवट चित्रं. तुम्ही बाहेर धावलात की गटप्रमुखानं तो उघडायचा. तक्रार करणाऱ्या पालकांशी मात्र त्या मुलाच्या आजाराची, घरची चर्चा करू नका. "तुमच्या मुलाला पुन्हा लागणार नाही यासाठी मी हे हे केलंय" एवढंच सांगायचं. त्यांचं मूल चावलं गेलंय. त्यांचा राग खोटा नाही.

आणि तुम्हाला कुणी "काय हो तुमचा त्याग" म्हणालं तर मनावर घेऊ नका. त्याग वगैरे करू नका. या चौघांपैकी या वर्षी दोघांचं थोडं हललं तरी वर्ष चांगलं गेलं, असं धरून चाला आणि रात्री झोपा.

एक राहिलं. वरची उर्दू शाळा नेमकी किती वाजता सुटते? तुमच्या पत्रात वेळ नाही. उद्या जिन्यात तिथल्या बाई भेटतीलच, त्यांना विचारून घ्या, आणि इमारतीला दुसरा जिना असेल तर तेही विचारा. आमच्या इथे आम्ही नुसतं सांगितल्यावर वरच्या शाळेनं दोन वर्ग मागच्या जिन्यानं सोडायला सुरुवात केली होती. त्याआधी चार वर्षं आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.